फुली आणि शेपटी

शिडी चार दिवस शाळेत आली नाही, म्हणून पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर मास्तरीण तिच्या घरी गेली.

शिडी म्हणजे नववीतली एक उंच, हाडकुळी मुलगी. नाव वर्गाने ठेवलं होतं आणि तिने ते मुकाट्याने घेतलं होतं. दारात तिचा बाप बसला होता. तो खाणीत घण मारायचा, म्हणून सगळे त्याला घणवाला म्हणत. दोन्ही पंजे त्याने पाण्याच्या घमेल्यात बुडवून ठेवले होते. तळहातांच्या भेगांमध्ये दगडाची राखाडी भुकटी जाऊन बसली होती, ती पाण्याने निघत नव्हती.

"शाळा बंद," तो म्हणाला. "तुमचीच मेहेरबानी."

"माझी?"

त्याने आत हाक मारली. शिडीने गणिताची वही आणून दिली आणि दाराआड उभी राहिली. घणवाल्याने ओल्या बोटाने पान उलटलं.

"बघा. ही शेपटी, ही शेपटी, ही पण शेपटी. एका पानावर आठ. पोरगी सगळीच्या सगळी खडीत गेली. मग कशाला पाठवू? आईबरोबर खडी तरी फोडेल."

मास्तरणीला हसू आलं आणि लगेच जिरलं. ती स्वतः पाथरवटाची मुलगी होती, तिला सांगायची गरज नव्हती. खाणीत दगड सुटा झाला की पाथरवट त्याच्याभोवती फिरून, हातोडीने ठोकून आवाज ऐकतो. आवाज खणखणीत आला की दगडाच्या मधोमध खडूने फुली मारतो. तिथे साखळी लागते, दगड उचलला जातो, कुणाच्या तरी घराच्या पायाला किंवा पुलाला जातो. आवाज बद आला म्हणजे आत शीर आहे, बारीक भेग. मग शीर जिथून जाते तिथून तिरपी रेघ ओढायची, सुरुवातीला छोटा बाक द्यायचा. ती शेपटी. शेपटीचा दगड कुणी उचलत नाही, घणाने फोडून त्याची खडी करतात. मास्तरणीने लाल पेनाने शिडीच्या प्रत्येक बरोबर उत्तरापुढे नेमकी तीच खूण केली होती.

"काका, वहीत ही खूण बरोबरला करतात."

"वीस वर्षं खाणीत आहे मी. कोणती खूण कशाची ते मला नका शिकवू."

"अहो, पण शाळेत..."

"शाळेतला खडू काय वेगळा असतो?"

"बाबा, खरंच तसं..." दाराआडून शिडी म्हणाली.

"तू गप. स्वतःच्या शेपट्या आधी मोज."

मास्तरीण उंबऱ्यावर बसली. पर्समधून तिने लाल पेन काढलं. आठही उत्तरांशेजारी एकेक फुली मारली, ठसठशीत, मधोमध. घणवाल्याने वही लांब धरून, मग जवळ धरून पाहिली.

"मग आधी काय झालं होतं?"

"आधी मी नीट बघितलं नव्हतं."

"हं," तो म्हणाला. "होतं असं. घाईत आवाज कळत नाही." आणि शिडीला म्हणाला, "उद्यापासून जा."

*

मास्तरीण हे तिचं घरातलं नाव. ती अजून मास्तरीण झालेली नव्हती. गणितात पदवी, त्यावर पदव्युत्तर पदवी, आणि आता माध्यमिक शाळेत शिकवता यावं म्हणून दोन वर्षांचं प्रशिक्षण. त्यातलं हे दुसरं वर्ष. कागदोपत्री तिला छात्राध्यापिका म्हणत. आईने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला, दोन्ही वेळा छत्रीसारखं काहीतरी निघालं. तेव्हा दादा म्हणाला, "मास्तरीण म्हण आणि सुट." तेव्हापासून सगळी वस्ती तसंच म्हणायला लागली. कुणी कौतुकाने, कुणी नाक मुरडून.

पहाटे ती दारापुढच्या सपाट दगडावर बसून पाठाचं टाचण लिहायची. पानाचे दोन भाग. डावीकडे शिक्षिकेचे प्रश्न, उजवीकडे विद्यार्थ्यांची अपेक्षित उत्तरं. बाबा छिन्नीला धार लावत शेजारी बसायचे.

"अपेक्षित म्हणजे?" त्यांनी एकदा विचारलं.

"म्हणजे मुलं काय बोलतील ते आधीच लिहून ठेवायचं."

"आणि नाही बोलली तर?"

"बोलतील असं शिकवायचं."

बाबांनी धारेवरून अंगठा फिरवला. "आमचा दगड बरा. त्याच्यावर असली जबरदस्ती नसते."

टाचण झालं की ती तासभर बाबांबरोबर खाणीत उतरायची, सूत धरायची, खडूच्या खुणा करायची. बाबांना हल्ली वाकलं की खोकल्याची उबळ यायची. मग हातपाय धुऊन साडी बदलून शाळेत. नखांच्या कडांना भुकटी राहायचीच.

शिडीच्या वहीतल्या फुल्या दुसऱ्याच दिवशी वर्गभर झाल्या. गोटा नावाचा बुटका मुलगा, ज्याच्या तोंडाला कधी कुलूप नसायचं, तो वही घेऊन पुढे आला.

"बाई, मला पण फुली द्या. आजोबांनी वही बघितली. म्हणाले, हा ढिगाऱ्यात गेला."

"तुला माहीत आहे ना याचा अर्थ काय ते?"

"मला माहीत आहे. आजोबांना कोण सांगणार? ते मला सांगू देतात का?"

चौतीस मुलांपैकी पंचवीस खाणीच्या वस्तीतली. मास्तरणीने थोडा विचार केला आणि ठरवून टाकलं. बरोबरला फुली, चुकीला नुसता गोल. मुलांना गंमत वाटली. दोन्ही खुणा दोन्ही अर्थांनी त्यांना कळत होत्या. वह्या घरी उघडायला लागल्या. गोट्याच्या आजोबांनी वही शेजारच्या घरात नेऊन दाखवली.

मार्गदर्शक बाई दर आठवड्याला मागच्या बाकावर येऊन बसत. केस पांढरे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. पस्तीस वर्षं त्यांनी मुलांना शिकवलं होतं आणि आता शिकवणाऱ्यांना शिकवत होत्या. पाठ संपल्यावर त्या म्हणाल्या, "प्रश्न विचारलास की थांबत जा. तुला शांततेची भीती वाटते. मूल विचार करत असतं गं, त्याचा आवाज येत नाही." मग समोरची वही त्यांनी उचलली. "आणि हे काय? सगळी गणितं बरोबर आणि सगळीकडे फुल्या?"

मास्तरणीने सांगितलं. बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. "मीही हेच केलं असतं. पण परीक्षेच्या पाठाआधी मुलांना नव्या वह्या घालायला लाव. बाहेरून परीक्षक येतात, त्यांना एवढी गोष्ट ऐकायला वेळ नसतो."

"लावते बाई," मास्तरीण म्हणाली. आणि ती खरंच लावणार होती.

*

प्रशिक्षणाच्या तीस सराव पाठांपैकी तिचे अठ्ठावीस झाले त्या आठवड्यात खाणीत मुरूम लागला.

सुरुंग उडाला, धूळ बसली आणि खाली काळ्या दगडाऐवजी पिवळट भुसभुशीत माती दिसली. पहार मारली तर हातभर आत गेली. आणखी दोन ठिकाणी करून पाहिलं, तिथेही तेच. मुकादम काठावर उभा राहून बराच वेळ खाली बघत होता. मग त्याने डोक्यावरचं फडकं काढून झटकलं आणि म्हणाला, "आवरा."

मालकाची दुसरी खाण दोन दिवसांच्या वाटेवर होती. शनिवारी पहिला ट्रक, त्यानंतरचा पुढच्या शुक्रवारी. जो आधी पोचेल त्याला चांगलं तोंड मिळणार. खाणीत तोंड म्हणजे ज्या कड्यावर एका घराने काम करायचं ती जागा. एकदा मिळालं की तेच, चांगलं लागलं तर दहा वर्षं चालतं.

मास्तरणीचा परीक्षेचा पाठ सोमवारी होता. नियम असा की वर्गात निदान वीस मुलं हजर पाहिजेत.

"दुसऱ्या शाळेत नाही का घेता येणार?" तिने मार्गदर्शक बाईंना विचारलं.

"सगळ्या शाळा वाटून झाल्यात गं. पाठ ठरलेल्या शाळेतच होतो. वीस मुलं जमव, बाकी मी बघते."

घरी ती काही बोलली नाही. पण दादाला गावातून कळलं होतं. ट्रकमध्ये सामान कसं बसवायचं त्याचा हिशेब करत तो दोरी वळत होता.

"ही म्हणणार थांबा," तो म्हणाला. "तोंडावर लिहिलंय तिच्या."

"मी काही म्हटलं नाही."

"म्हणू नकोस. तेरा महिने झाले, आम्ही तुझ्या पाठांचीच गोष्ट ऐकतोय. तीस पाठ. माणूस पाठ करून थकेल, शिकवणार कधी?"

आई चूल पुसत होती. "अरे, दोन दिवसांचा प्रश्न आहे," ती म्हणाली.

"दोन दिवसांचा नाही आई, आठ दिवसांचा. पहिल्या ट्रकने गेलेल्यांना पूर्वेचं तोंड मिळणार. आपल्याला काय, उरलेली हाडं?"

बाबा खोकत होते. उबळ थांबल्यावर त्यांनी तोंड पुसलं. "शुक्रवारी जाऊ," ते म्हणाले.

"बाबा..."

"शुक्रवारी म्हटलं ना."

मग बाबा उठले आणि घरोघर गेले. मास्तरीण मागे मागे. बाबांना बोलायची सवय नव्हती. ते दारात उभे राहायचे, डोक्यावरचं फडकं काढून हातात धरायचे आणि म्हणायचे, "माझ्या मुलीचा सोमवारी पाठ आहे. पोरं लागतात." चाळीस वर्षांत ते कुणाच्या दारात काही मागायला गेले नव्हते. हातातलं फडकं ते पिळत राहायचे. काही घरांनी तोंड फिरवलं. नऊ घरं थांबायला तयार झाली. घणवाला सगळ्यात शेवटी हो म्हणाला.

"पोरीला फुल्या मिळतायत," तो म्हणाला. "थांबतो."

शनिवारचा ट्रक गेला. वस्तीतली तेरा मुलं त्यात गेली. गावातली नऊ आणि वस्तीतली बारा, एकवीस राहिली.

सोमवारी सकाळी एकवीस मुलं तेल लावून, भांग पाडून बाकांवर बसली. अकरा वाजता शाळेचा शिपाई निरोप घेऊन आला. परीक्षक दुसरीकडे अडकल्या आहेत. पाठ गुरुवारी.

*

मुकादम ट्रकबरोबर गेला होता, त्यामुळे वस्तीला पाण्याचा टँकर यायचा बंद झाला. बायका हंडे घेऊन गावातल्या नळावर रांगेत उभ्या राहायला लागल्या. तिथे त्यांना सगळ्यांत शेवटी पाणी मिळायचं. मास्तरीण पहाटे टाचण लिहायचं सोडून रांगेत जायची, कारण आईचे गुडघे तेवढं उभं राहू देत नव्हते. रांगेतली एक बाई म्हणाली, "तुझ्यापायी आमच्या माना मोडल्या गं मास्तरणी." दुसरी म्हणाली, "जाऊ दे, उद्या मोठी झाली की नळ आपल्या दारात आणेल." सगळ्या हसल्या. मास्तरीणही हसली. हंडा डोक्यावर घेताना तिची मान खरंच कळवळली.

मंगळवारी आणि बुधवारी तिचे उरलेले दोन सराव पाठ झाले. वर्गात पोचेपर्यंत पाय ओढत. नव्या वह्यांची आठवण तिला बुधवारी झाली, वर्ग सुटताना.

"उद्या सगळ्यांनी कोऱ्या वह्या आणा," ती म्हणाली.

"कुठल्या आणू बाई?" गोटा म्हणाला. "आमचं सगळं गाठोड्यात बांधलंय. ही एकच वर ठेवलीय."

तिने फळा पुसला. मग म्हणाली, "बरं. असेल ती आणा."

खाणीत काम नव्हतं. बाबा तरी रोज सकाळी उतरायचे. एक सुटा राहिलेला दगड त्यांनी घडायला घेतला होता, पायरीसारखा. कुणाच्या घराची ती पायरी होणार नव्हती. छिन्नीचा टकटक आवाज रिकाम्या खाणीतून परत यायचा, त्यामुळे दोन माणसं काम करत असल्यासारखं वाटायचं.

"काय शिकवणार आहेस उद्या?" त्यांनी विचारलं.

"काटकोन त्रिकोण."

त्यांनी कमरेचं सूत सोडलं. सुताला बारा सारख्या अंतरावर गाठी होत्या. तीन, चार आणि पाच असे भाग करून ते ताणलं की काटकोन मिळतो. हे त्यांना त्यांच्या बापाने दाखवलं होतं, पण असं का होतं ते कुणीच सांगितलं नव्हतं.

"घेऊन जा. पण परत आण."

*

परीक्षक पन्नाशीच्या होत्या. पायात सूज होती, चपलेचा पट्टा सैल केलेला. आल्या आल्या त्यांनी पाणी मागितलं आणि मुलं मोजली. एकोणीस.

"नियम वीसचा आहे," त्या म्हणाल्या.

मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "पाच मिनिटं थांबू या का?"

तेवढ्यात शिडी आली, धापा टाकत, कडेवर धाकटा भाऊ. "आई पाण्याला गेलीय," ती दारातूनच म्हणाली. "याला कुठे ठेवू?"

"मांडीवर ठेव," मास्तरीण म्हणाली.

"हा एकविसावा धरायचा का?" परीक्षकांनी विचारलं आणि त्या हसल्या. मुलंही हसली. मास्तरणीच्या खांद्यांवरचं ओझं जरा हललं.

पाठ सुरू झाला. तिने फळ्यावर तीन त्रिकोण काढले.

"यातला काटकोन कुठला, हे कसं ओळखायचं?"

टाचणात उजवीकडे लिहिलं होतं, नव्वद अंशाच्या कोनावरून. गोट्याने हात वर केला.

"बाई, ज्याच्यावर दुसरा दगड ठेवला की डुगडुगत नाही तो."

वर्ग हसला. मास्तरीण थांबली. शांततेला न घाबरता थांबली. "का डुगडुगत नाही?" तिने विचारलं.

मग पाऊण तास वर्गाने तो प्रश्न सोडला नाही. सूत तीन मुलांनी ताणून धरलं. एकाने गाठी मोजल्या, दुसऱ्याने पुन्हा मोजल्या. शिडीने भावाला गोट्याच्या मांडीवर दिलं, फळ्यापाशी आली आणि तिन्ही बाजूंचे वर्ग मांडले. नऊ आणि सोळा पंचवीस. ती वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मास्तरणीने याआधी एकदाच पाहिलं होतं, चांगला दगड वाजला की बाबांच्या चेहऱ्यावर. मागच्या बाकावर मार्गदर्शक बाईंनी लिहायचं थांबवून हात मांडीवर ठेवले होते.

घंटा झाली.

"छान," परीक्षक म्हणाल्या. "आता महिन्याभराच्या वह्या बघू."

वीस वह्या टेबलावर आल्या. परीक्षकांनी पहिली उघडली, दुसरी उघडली. मग पुन्हा पहिली.

"पंधराचा वर्ग दोनशे पंचवीस. हे चूक आहे?"

"नाही बाई. बरोबर आहे."

"मग फुली का?"

मास्तरणीने सांगायला सुरुवात केली. खाण, दगड, साखळी, शेपटी. सांगताना तिच्या लक्षात आलं की हे फार लांब होतंय आणि कुठेच पोचत नाहीये.

"बाई, फुली म्हणजे बरोबर!" गोटा जागेवरून ओरडला.

"फुली म्हणजे बरोबर!" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला. त्यांना वाटलं, आपण मदत करतोय.

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या नव्हत्या.

"हे तू यांना शिकवलंस?"

"यांना माहीत आहे, बाई. यांच्या घरच्यांसाठी..."

"उद्या ही मुलं दुसऱ्या शाळेत जातील. जाणारच आहेत ना? तिथे फुली मिळाली की घरचे काय समजतील?"

मास्तरणीने टेबलावरची वही मिटली.

मार्गदर्शक बाई उठून पुढे आल्या. "पाठ तुम्ही पाहिलात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "असा पाठ मी या वर्षात पाहिला नाही."

"मीही नाही," परीक्षक म्हणाल्या. "पाठाला पूर्ण गुण देते. पण मूल्यमापन वेगळं आहे, त्यात वेगळं पास व्हावं लागतं. वीस वह्यांत एकही उत्तर नियमाप्रमाणे तपासलेलं नाही. मी काय लिहू? माझ्याही वर कुणीतरी बघणार आहे हे." आणि सुजलेला पाय चपलेत सरकवत त्यांनी लिहिलं. मास्तरणीला ते उलट्या बाजूने वाचता आलं. मूल्यमापनाचे मूलभूत ज्ञान नाही.

*

शुक्रवारी सकाळी ट्रकमध्ये सामान चढत असताना मार्गदर्शक बाई वस्तीवर आल्या. एवढ्या चढावर चालून त्यांना दम लागला होता. त्या उलट्या ठेवलेल्या घमेल्यावर बसल्या.

"वर्ष पुन्हा करावं लागेल," त्या म्हणाल्या. "तीसही पाठ. मी काल संध्याकाळीच विनंती करून पाहिली, नाही चालली. पुढच्या वर्षी ये. मी निवृत्त होतेय, पण सांगून ठेवीन."

"हो बाई."

"चूक माझी आहे. मी वह्या स्वतः बघायला हव्या होत्या."

"नाही बाई."

"येशील ना?"

दोन दिवसांची वाट होती. बाबा दुसऱ्याच्या आधाराने ट्रकमध्ये चढत होते. मास्तरीण म्हणाली, "येईन." बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि त्या थांबल्या. मग त्यांनी तिच्या गालाला हात लावला आणि उठल्या.

दादाने तिचं गाठोडं तिच्याकडे न बघताच ट्रकमध्ये फेकलं.

*

नव्या खाणीत पूर्वेची तोंडं वाटून झाली होती. त्यांच्या घराला उत्तरेच्या कोपऱ्यातलं मिळालं. तिथला दगड दिसायला काळाभोर होता, पण आतून शिरांनी भरलेला. तीनातले दोन खडीत जायचे. दादा दिवसभर पहार मारायचा आणि प्रत्येक बद आवाजाला बहिणीकडे न बघता थुंकायचा. बाबांच्या डोळ्यांतून सतत पाणी यायला लागलं, रेघ सरळ येईना, तेव्हा मुकादम म्हणाला, "मास्तरीण आहे ना तुमची? तिला लावा खडूवर." बाबा बाजूला बसून हातोडी वाजवायचे, आवाज ऐकायचे आणि मान हलवायचे. ती खूण करायची. साडी नेसून काम होत नव्हतं, ती दादाचा जुना सदरा घालायची.

टाचणाचे कागद आईने फळीवर डब्यांखाली अंथरले होते. एका बाजूला वाकलं की अर्धी पानं वाचता यायची. अपेक्षित उत्तर, बरोबर. अपेक्षित उत्तर, नऊ. अपेक्षित उत्तर, होय बाई.

महिन्याभराने एका दुपारी शिडी आली. इथली शाळा लांब होती, ती चालून आलेली दिसत होती, पोटऱ्यांपर्यंत धूळ. बाबा जेवायला गेले होते.

"बाई, वही दाखवायची होती."

मास्तरणीने खडूचे हात सदऱ्याला पुसले. पानावर आठ गणितं होती. आठांपुढे आठ लाल फुल्या. खाली शून्य.

तिने पहिलं गणित वाचलं. मांडणी स्वच्छ होती. पायरीवर पायरी, वर्ग, बेरीज, सगळं जिथल्या तिथे. फक्त शेवटच्या ओळीत तेराऐवजी चौदा. दुसऱ्यात शेवटी एक जास्त. तिसऱ्यात एक कमी.

"शिडी, हे सगळं तुला येतंय."

"हो."

"मग शेवटी काय झालं?"

शिडी खाली बघून अंगठ्याने खडी उकरायला लागली. "मुद्दाम," ती म्हणाली. "पहिल्या आठवड्यात सगळी बरोबर आली. इथल्या सरांनी सगळ्या शेपट्या दिल्या. बाबा म्हणाले, मास्तरणीची शाळा होती तोवर ठीक होतं, इथे परत खडी झाली. दोन दिवस पाठवलं नाही. मग मी चुकवायला लागले. आता रोज पाठवतात. परवा मुकादमाला वही दाखवत होते."

"सरांना सांगितलंस?"

"सर म्हणतात, डोकं चालव जरा. शेवटच्या बाकावर बसवलंय."

"आणि परीक्षेत?"

शिडीने खांदे उडवले.

"मी बोलू तुझ्या बाबांशी?"

"नको बाई!" ती एकदम म्हणाली. "तुम्हीच म्हणाला होता ना त्यांना, आधी नीट बघितलं नव्हतं म्हणून. आता वेगळं सांगितलंत तर म्हणतील, दोघी मिळून फसवता. मग बसेनच मी घरी." मग आवाज उतरवून म्हणाली, "तुम्ही रागावू नका. फक्त मला एक खरं गणित घाला. म्हणजे येतंय की विसरले ते कळेल."

वहीत घालून चालणार नव्हतं. मास्तरणीने इकडेतिकडे पाहिलं. समोर सकाळी सुटा झालेला दगड होता, रुंद आणि सपाट. त्यावर तिने खडूने काटकोन त्रिकोण काढला. एक बाजू आठ, एक पंधरा. तिसरी विचारली आणि खडू शिडीच्या हातात दिला.

शिडी गुडघ्यांवर बसली. उन्हाने दगड तापला होता, तिने हाताखाली ओढणीचं टोक घेतलं. चौसष्ट लिहिले. खाली दोनशे पंचवीस. बेरीज. मग ती थांबली आणि ओठ हलायला लागले. मास्तरीण थांबून राहिली. लांबून पहारीचा आवाज येत होता. शिडीने लिहिलं, सतरा, आणि खाली दोन रेघा ओढल्या.

"बरोबर आहे?"

बाबा जेवून परत येत होते. त्यांनी दगडावरचा आकडा पाहिला नाही, किंवा पाहिला तरी तो त्यांना दगडावरच्या धुळीसारखाच होता. सवयीने त्यांनी कोपऱ्यावर हातोडी वाजवली. एकदा, आणि जरा सरकून पुन्हा. आवाज बद आला. त्यांनी मान हलवली.

शिडी अजून तिच्याकडे बघत होती. मास्तरणीने खडू परत घेतला. उत्तर बरोबर होतं, आणि दगडाला शीर होती. तिने सतराशेजारून एक तिरपी रेघ वर ओढली आणि सुरुवातीला छोटा बाक दिला.

शिडी ते बघून हसली, कितीतरी दिवसांनी हसावं तशी. वही छातीशी धरून ती वाटेला लागली.

वळणावर ती दिसेनाशी झाली, तेव्हा तिचाच बाप घण घेऊन आला. त्याने खूण पाहिली, पाय रोवले आणि घण उचलला.